नवे मनोरुग्णालय जरूर बांधा, पण जुनी रजिस्टरे आधी मोजा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र शासन.

विषय : ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील मनोरुग्णालयांचे जुने अभिलेख आणि इमारती जतन करण्याबाबत.

महोदय,

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर नवे रुग्णालय उभारण्याचे शासनाने ठरवले आहे. त्याच आवारातील सुमारे पंधरा एकर जागा ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्याचा मार्गही, उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आधीची स्थगिती उठवल्यामुळे, मोकळा झाला आहे. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवते, कारण जुन्या इमारतीचे नाव काढले की ‘आले खोडा घालणारे’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेल्या कक्षात आजच्या रुग्णाने राहावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि लोकलच्या गर्दीत लटकणाऱ्यांना नवे स्थानक हवे आहे हेही मला कळते. माझी तक्रार आहे ती या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही याबद्दल. बुलडोझर आवारात येण्यापूर्वी तिथली रजिस्टरे, हुकूमनामे, केसपेपर आणि निदान एखादी जुनी वास्तू यांचे काय करायचे, हे कोणी ठरवले आहे का?

या विषयाशी माझा संबंध दोन बाजूंनी येतो. मी एकतीस वर्षे महसूल खात्यात नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे तालुक्याच्या अभिलेख कक्षात काढली, त्यामुळे गठ्ठे, रुमाल (म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे), वाळवी आणि निंदणीकरण (म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून नष्ट करणे) यांच्याशी माझा रोजचा व्यवहार होता. दुसरी बाजू घरची आहे. माझ्या वडिलांची थोरली बहीण १९५० च्या दशकात या चारपैकी एका रुग्णालयात दाखल झाली आणि परत आली नाही. आमच्या घरात तिचे नाव घेतले जात नसे. पितृपक्षात आजी एक पान जास्त वाढायची आणि ते कोणाचे असे विचारले की ‘असू दे’ एवढेच म्हणायची. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, विम्याच्या पावत्यांखाली, मला एक पोस्टकार्ड सापडले. मजकूर छापील होता आणि गाळलेल्या जागा शाईने भरल्या होत्या : ‘आपल्या पेशंटची प्रकृती’ यापुढे ‘बरी’, ‘वजन’ यापुढे ‘८१ पौंड’. खाली, छापलेल्या चौकटीच्या बाहेर, कोणी तरी बारीक अक्षरात आपणहून एक ओळ लिहिली होती : ‘भेटीस कोणी आल्यास बरे.’ कोणी गेले होते की नाही, हे सांगायला आता घरात कोणी उरलेले नाही.

ते कार्ड घेऊन मी त्या रुग्णालयात गेले. चारपैकी कोणते, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनी जमेल तेवढी मदत केली आणि मला जे दिसले त्याचा ठपका त्यांच्यावर येऊ नये. जुने अभिलेख जिन्याखालच्या एका खोलीत होते. तिथल्या लिपिकांनी उरलेल्यांतले सर्वात जुने रजिस्टर फडक्याने पुसून टेबलावर ठेवले. ते उघडण्याआधी त्यांनी एक कोरा कागद उभा दुमडला आणि नावांच्या रकान्यावर धरला. ‘नावे नका वाचू, बाकीचे बघा,’ असे म्हणून त्यांनी पाने उलटत नेली. वय, जात, धंदा, कोणत्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने, दाखल केल्याची तारीख, वेडाचे संभाव्य कारण आणि शेवटच्या रकान्यात सुटका किंवा मृत्यू. कारणाच्या रकान्यात ‘ताप’ होता, ‘गांजा’ होता, एका ठिकाणी ‘मूल दगावले’ होते, आणि सगळ्यात जास्त वेळा ‘ठाऊक नाही’ होते. आत्याच्या सालांची रजिस्टरे मात्र नव्हती. त्या बाजूच्या भिंतीतून पूर्वी पावसाचे पाणी उतरायचे, भिजलेले गठ्ठे कधी तरी रद्दीत गेले असावेत, असे ते गृहस्थ ओशाळून म्हणाले. कोणत्या साली, कोणाच्या आदेशाने, किती वजनाचे गेले, याची नोंद त्यांच्याजवळ नव्हती. तालुक्याला मी असे उत्तर दिले असते तर दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली असती.

हा प्रश्न एका घराचा असता तर मी पत्र लिहिलेच नसते. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे आणि येरवड्याचे १९१५ चे. ठाण्याच्या रुग्णालयाला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव होते आणि जुन्या कागदांवर ते ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल’ असे दिसते. येरवड्याच्या मागे तर मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून असलेल्या वेड्यांच्या इस्पितळाचा इतिहास आहे. आज या चारही ठिकाणी मिळून मंजूर खाटा ५,६९५ असून त्यांतल्या २,५४० एकट्या येरवड्यात आहेत. आपल्या बोलण्यात या संस्थांनी केव्हाच घर केले आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ असले विनोद ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो, आणि नागपुरात तर अख्ख्या चौकाचे नाव पागलखाना चौक आहे. चेष्टेत एवढी जागा मिळालेल्या या संस्थांना राज्याच्या इतिहासात किती पाने मिळाली, हे एकदा मोजून पाहावे.

१८५७ च्या उठावानंतर लगेच, १८५८ साली, सरकारी वेडगृहांचा कायदा झाला. त्याची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली आणि तो कायदा इंग्रज गेल्यानंतरही १९९३ पर्यंत, म्हणजे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत, आपल्या डोक्यावर होता. माझी आत्या त्याच कायद्याखाली आत गेली. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम एवढ्यावर माणूस भिंतीआड जात असे. इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ज्याला आपण जुने केसपेपर म्हणतो ते निव्वळ औषधोपचाराचे कागद नाहीत. सरकारने कोणाचे स्वातंत्र्य केव्हा, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने काढून घेतले, याचा तो पुरावा आहे. तुरुंगाचे रजिस्टर आपण ज्या गांभीर्याने ठेवतो, त्याहून हे कमी महत्त्वाचे कसे?

माझी पहिली तक्रार यादीची आहे. चार रुग्णालयांपैकी कोणाकडे कोणत्या सालापासूनची कोणती रजिस्टरे आहेत, किती भिजली, किती वाळवीने खाल्ली, किती नष्ट केली, याची एकत्र यादी शासनाने प्रसिद्ध केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मोजदाद नसलेली वस्तू हरवली तरी हरवली असे म्हणता येत नाही, आणि स्थलांतराच्या गडबडीत तर ती टेम्पोत चढली की रद्दीवाल्याकडे गेली, हेही कोणाला कळत नाही.

दुसरी तक्रार वर्गीकरणाची आहे. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे की अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ब वर्गाचा तीस वर्षे, आणि ड वर्गाचा वर्षभराने फाडायचा. सगळा खेळ कागद कोणत्या वर्गात टाकला यावर असतो. मनोरुग्णालयाचे दाखल-रजिस्टर इस्पितळाच्या बाह्यरुग्ण चिठ्ठीबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधले की त्याचे भवितव्य ठरले. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम असताना शंभर वर्षांपूर्वीच्या न्यायालयीन हुकमांचे भवितव्य एखाद्या लिपिकाच्या समजुतीवर आणि छपराच्या पत्र्यावर सोडणे मला मान्य नाही.

या रजिस्टरांची किंमत काय, असे कोणी विचारील म्हणून एक उदाहरण देते. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी १८९३-९४ मध्ये सरकारने आयोग नेमला होता. गांज्यामुळे माणसे वेडी होतात हे तेव्हा सरकारदरबारी जवळजवळ सिद्ध धरले जात होते, आणि आधार म्हणून वेडगृहांचे आकडे पुढे केले जात. आयोगाने मूळ नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की ‘गांजा’ हे कारण पुष्कळदा रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने दिलेल्या माहितीवरून, फारशी चौकशी न करता, रजिस्टरात उतरले होते. दुसरे काही कारण सुचले नाही की गांजा. त्यामुळे ज्या आकड्यांवर सगळी समजूत उभी होती ते आकडेच डळमळले. रजिस्टरे जागेवर होती म्हणून ती चूक पकडता आली. त्या जिन्याखालच्या खोलीत कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ वाचताना मला हेच आठवत होते, आणि शेजारच्या ‘ठाऊक नाही’बद्दल त्या अनोळखी कारकुनाविषयी थोडा आदरही वाटला.

तिसरी तक्रार इमारतींची. यातले बारकावे स्थापत्यतज्ज्ञ माझ्यापेक्षा चांगले सांगतील. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल मात्र कोणालाही वाचता येतो. देशात मनोरुग्णांसाठी सुमारे चाळीस हजार लोकांमागे एक खाट असल्याचे त्यात नोंदवले आहे, आणि बहुतेक मनोरुग्णालये उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याच्या हिशेबाने बांधली गेली असल्याची टीकाही त्या वेळच्या पाहणीत आहे. ही टीका कागदावर वाचणे वेगळे आणि उंच भिंत, हात पोहोचणार नाही अशी खिडकी आणि बाहेरून घालायची कडी प्रत्यक्ष पाहणे वेगळे. एखादा कक्ष तरी शाबूत राहिला, तर उद्याच्या परिचारिकेला आणि मनोविकारतज्ज्ञाला आपला व्यवसाय कुठून निघाला ते तिथे उभे राहून कळेल.

शिवाय जतन करायला शासनाला जमत नाही असेही नाही. रत्नागिरीचे मनोरुग्णालय ज्या साली सुरू झाले त्याच १८८६ साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला तिथे नजरकैदेत आणले गेले. त्याचा राजवाडा आज संरक्षित आहे, तिथे संग्रहालय आहे आणि कोकणात सहलीला गेलेला प्रत्येक जण तो पाहून येतो. येरवड्याच्या तुरुंगात तर २६ जानेवारी २०२१ पासून शासनाने जेल पर्यटन सुरू केले, कारण तिथे गांधीजी आणि इतर मोठी माणसे बंदिवान होती. या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण त्याच दोन गावांत, तितकीच वर्षे, राजा नसलेली आणि पुढारीही नसलेली हजारो माणसेही बंदिस्त होती, आणि त्यांच्यासाठी भिंतीवर एक फलकही असू नये, हे मला निमूट सोसवत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. या आवारांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कक्षसेवक, परिचारिका, स्वयंपाकी आहेत. व्यवसायोपचार विभागात रुग्णांनी मागावर विणलेल्या सतरंज्या आणि टॉवेल आहेत. ज्यांना जुने दिवस आठवतात ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला इमारत पाडून होण्याची वाट पाहायची गरज नाही.

पाचवी तक्रार मेलेल्यांची आहे, आणि ती लिहिताना मला शब्द जपून वापरावे लागत आहेत. ज्यांना न्यायला कोणी आले नाही, त्यांचे अंत्यविधी कोणी, कुठे, कोणत्या तारखेला केले, हे मृत्यूच्या रजिस्टराशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते. आमच्या घरी एक पान जास्त वाढले जायचे ते तिथीशिवायच, कारण तिथी कोणाला ठाऊकच नव्हती.

आता गोपनीयतेचा आक्षेप. तो खरा आहे, आणि मी तो कोणाहून कमी महत्त्वाचा मानत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाच्या माहितीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि कलम २५ ने त्याला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. कागदच उरले नाहीत तर दोन्ही हक्क हवेत राहतात. नावे झाकून अभ्यास कसा करू द्यायचा याचे उत्तर मला त्या लिपिकांनी एका दुमडलेल्या कागदाने दिले होते; शासनाने तेच उत्तर नियमात लिहावे. ठरावीक वर्षांपर्यंत नावे बंद, वारसाला ओळख पटवून पाहण्याची मुभा, संशोधकाला नावाविना प्रत, असे सहज करता येईल.

बाहेर काय झाले तेही पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातले विलार्डचे मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या सुमारे चारशे सुटकेस सापडल्या. येताना सोबत आणलेल्या आणि पुन्हा कधी न उघडलेल्या त्या सुटकेस फेकून न देता तिथल्या राज्य संग्रहालयाने ताब्यात घेतल्या. लंडनच्या बेथलेम या जुन्या मनोरुग्णालयात अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून रुग्ण पाहायला जात. त्याच संस्थेने २०१५ मध्ये स्वतःच्या इतिहासाचे संग्रहालय काढले, आणि त्यात तो लाजिरवाणा भागही लपवलेला नाही. मला तमाशा नको आहे, हे स्पष्ट करते; रुग्ण राहत असलेल्या कक्षांकडे तिकीट काढून फिरणारे पर्यटक येता कामा नयेत. पण एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. ज्या निम्हान्सची धर्ती आपण घेत आहात, तिची मुळे बंगळुरूच्या एकोणिसाव्या शतकातल्या वेडगृहातच आहेत. त्या संस्थेने आपले जुने केसपेपर जपले, त्यांवर इतिहासाचे संशोधन होऊ दिले आणि आवारात आपला वारसा मांडणारे दालन केले. धर्ती घ्यायची तर हीही घ्यावी.

माझ्या मागण्या अशा. चारही रुग्णालयांतील ५० वर्षांहून जुने सर्व अभिलेख अ वर्गात धरावेत आणि पुढील आदेशापर्यंत त्यांचे निंदणीकरण आजपासून थांबवावे. पुराभिलेख संचालनालयाचे पथक पाठवून तीन महिन्यांत जागेवर यादी करावी आणि ती नावांशिवाय, केवळ साल, प्रकार व स्थिती दाखवून, प्रसिद्ध करावी. ठाण्यातील जुने बांधकाम पाडण्याच्या प्रत्येक टप्प्याआधी आतले कागद, फर्निचर, माग आणि नामफलक यांचा पंचनामा व्हावा. ही अट ठेकेदाराच्या करारातच असावी, नंतरच्या पत्रव्यवहारात नको. पुरातत्त्व विभागाने चारही ठिकाणी किमान एका जुन्या कक्षाची निवड, मोजमाप आणि छायाचित्रण करून तो राखावा, आणि जिथे राखणे खरोखरच अशक्य असेल तिथे का अशक्य आहे ते लेखी कळवावे. आणि वारसांसाठी एक साधा अर्ज असावा. माझ्यासारख्या माणसाला ‘तुमच्या आत्याची नोंद आहे’ किंवा ‘नाही’ एवढे एका महिन्यात, सहीशिक्क्यासह, कळले पाहिजे. ‘नाही’ असे उत्तर आले तरी चालेल. ते लेखी हवे.

खर्चाचे म्हणाल, तर पेशवे दप्तरातले हजारो रुमाल याच राज्याने आजवर सांभाळले आहेत, आणि त्यांत सरदारांच्या घरखर्चाचे हिशेबही आहेत. चार रुग्णालयांची रजिस्टरे एका मोठ्या खोलीत मावतील. मी निवृत्त आहे, जुने गठ्ठे सोडून पुन्हा बांधण्याची मला सवय आहे आणि यादीच्या कामासाठी मानधनाशिवाय येण्याची माझी तयारी आहे. माझ्याबरोबर काम केलेले आणखी दोघे-तिघे येतील.

ते पोस्टकार्ड सध्या माझ्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. अशा कागदांसाठी तुमच्याकडे जागा तयार झाली, की मूळ कार्ड मी तिथे जमा करीन. पोच मात्र द्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखपाल